राणेसाहेबांनी किती मारले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा प्रश्न मी वर्षानुवर्षं दोन वाक्यांत उडवून लावत आलोय.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे आमच्यासारख्यांचे हंगामाचे दिवस. आमच्या सातारा भागात फौजेतून पेन्शनीत आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणतात. मी सुभेदार म्हणून रिटायर झालो, पण चहाच्या टपरीपासून दूध डेअरीपर्यंत सगळ्यांचा मेजरच. तर या मेजरला शाळेत बोलावतात. झेंडा, कवायत, शाल, नारळ आणि मग ‘मेजरांनी चार शब्द बोलावेत’. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेच्या बॉम्बे इंजिनिअर्सचा माणूस, खडकीला घडलेला, म्हणून माझे चार शब्द ठरलेले : सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, परमवीर चक्र. बोलून झालं की मागच्या रांगेतलं एखादं पोरगं हात वर करतं.

“आजोबा, त्यांनी किती मारले?”

पहिल्यांदा मी म्हणालो, “मला नाही माहीत.” पोराचा चेहरा पडला. पुढच्या वर्षी म्हणालो, “लई.” टाळ्या पडल्या, गुरुजीही खूश. घरी येताना मात्र ते ‘लई’ घशात अडकून बसलं. खोटं बोललो होतो, तेही राणेसाहेबांच्या नावावर. त्या संध्याकाळी त्यांचं सायटेशन काढलं, म्हणजे पदक देताना सरकार जे मानपत्र लिहितं ते, आणि हातात पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. एकही मेलेला शत्रू त्यात नाही. आहेत त्या वेळा. सकाळी इतके वाजता काम सुरू, रात्री इतके वाजता काम बंद.

हाच प्रश्न मोठी माणसं जरा वेगळा विचारतात. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे म्हणाले, “म्हणजे रस्ताच साफ केला ना त्यांनी?” वाईट हेतू नव्हता त्यांचा. सॅपर म्हणजे फौजेतलं बांधकाम खातं, असाच समज आहे लोकांचा. पूल बांधा, रस्ता करा, पाण्याची टाकी बसवा. पाहुण्यांच्या ताटात जिलेबी वाढली आणि विषय बदलला. माझा मात्र तो दिवस त्यातच गेला.

आधी माणूस कोण ते सांगतो, कारण त्यावरही एक ठरलेला प्रश्न येतो : “राणे म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाकडचे ना?” नाही. गाव चेंडिया, कारवारजवळ. जन्म २६ जून १९१८. तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं, आज कर्नाटकात आहे. तिथली माणसं त्यांना आपलं म्हणतात, कोकणातली आपलं म्हणतात, आणि खडकीचे आम्ही तर दोघांच्याही आधी म्हणतो. त्या वादात मी पडत नाही. वडील पोलीस शिपाई. बदल्यांमुळे पोराची शाळा कधी इथं, कधी तिथं. १९३० साली बारा वर्षांचं पोर चळवळीकडे ओढलं जाऊ लागलं, तसा पोलिसातला बाप घाबरला आणि बिऱ्हाड गावाकडे हलवलं. हे वाचलं की मला त्या बापाचंच जास्त वाटतं. चळवळीपासून वाचवलेला मुलगा १० जुलै १९४० ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला, ऐन महायुद्धात.

भरती शिपाई म्हणूनच. हे पोरांना मी मुद्दाम दोनदा सांगतो. राणे अॅकॅडमीतून साहेब होऊन आले नव्हते. रंगरूट म्हणून आले, ट्रेनिंगमध्ये सगळ्यांत चांगला रंगरूट म्हणून कमांडंटची छडी मिळवली, नाईक झाले, ब्रह्मदेशात २८ फील्ड कंपनीत गेले. आराकानमधून माघार घ्यायची वेळ आली, तेव्हा बुथिडाँगला दारूगोळ्याचा साठा उडवायला त्यांना दोन सेक्शनांसह मागे ठेवलं. काम झाल्यावर नौदलाच्या बोटी न्यायला येणार होत्या, पण तो बेत काही जमला नाही. जपान्यांची गस्त असलेली नदी रात्रीतून ओलांडून ही मंडळी आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. पुढे हवालदार, आणि १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. वय एकोणतीस. इतर सेकंड लेफ्टनंट एकवीस-बावीसचे असतात. खालून वर आलेल्या अफसराचे हात बघा कधी, लगेच ओळखू येतात.

चारच महिन्यांनी राजौरी.

काश्मीरची लढाई चालू होती आणि जम्मूकडची राजौरी १९४७ च्या नोव्हेंबरपासून पाकिस्तानी बाजूच्या हल्लेखोरांच्या ताब्यात होती. मार्च १९४८ मध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडनं झांगर परत घेतलं आणि मग राजौरीचं ठरलं. वाट नौशेराहून. डोंगराच्या अंगानं जाणारा अरुंद रस्ता, खाली तवीचं पात्र. सायटेशन लिहिणाऱ्या साहेबांनाही तिथं उपमा सुचली, सापासारखा डोंगराला वळसे घालत गेलेला रस्ता म्हणतात ते. अशा रस्त्यावर रणगाडे घेऊन जायचं म्हणजे एकापाठी एकच जाणार. पुढच्याचा पट्टा सुरुंगावर तुटला की मागचे सगळे अडकले, पुढे जाता येत नाही की वळता येत नाही, आणि वरून डोंगरातून मशीनगन. हल्लेखोरांना हे पुरतं ठाऊक होतं. जागोजागी सुरुंग पुरले, चीडची झाडं पाडून आडवी टाकली, मोऱ्या उडवल्या, रस्त्याची कड ढासळवली. म्हणून रणगाड्यांच्या पुढे सॅपर. राणेंकडे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी होती, आणि सोबत ४ डोग्रा पलटणीचे जवान.

आता सुरुंग काढणं म्हणजे काय, ते सांगतो. पाहुण्यांना तेव्हा सांगायचं राहून गेलं.

खडकीत आम्हाला उस्तादांनी पहिल्या दिवशी प्रॉडर दिला. प्रॉडर म्हणजे मूठ असलेली लोखंडी सळई, दुसरं काही नाही. पोटावर झोपायचं. सळई जमिनीत तिरकी घालायची, तीसेक अंशात, कधीही सरळ खाली नाही. सुरुंग वरून दाबला की फुटतो. तिरकी सळई त्याच्या कुशीला लागते. दोन बोटं अंतर, पुन्हा टोचायचं. पुन्हा दोन बोटं. दगड लागला तर हाताला ‘टक्’ असा कोरडा कळतो, सुरुंगाचा आवाज जरा भरीव असतो, असं उस्ताद म्हणायचे. मला तो फरक पहिले दोन महिने काही कळला नाही. लागला की सळई बाजूला ठेवायची आणि माती बोटांनी उकरायची, कडेकडेनं, आईच्या फोडावरची खपली काढावी तशी. मग हात अलगद खाली घालून बघायचं, की याच्या पोटाखाली दुसरा काही लावलाय का, म्हणजे उचलला की तो फुटेल असा. मग तो फुटू नये म्हणून पिन घालायची. मग दोरी बांधून लांब जायचं, आडोशाला, आणि ओढायचं.

हे शांततेत. ट्रेनिंगचे सुरुंग खोटे, वर खडकीचं आभाळ, आणि अकराला चहा. तरी पाठ घामानं भिजायची. पुढे मी सीमेवर खरे सुरुंग काढले, आपलेच, आपणच पुरलेले, हातात नकाशा आणि नोंदी असताना. तेव्हाही कुणी मागून खोकला तरी मी दात खायचो. राणेंकडे नकाशा नव्हता. पुरणारा समोरच्या डोंगरावर बसून बघत होता आणि गोळ्या झाडत होता.

पेन्सिलनं काढलेल्या माझ्या वेळा अशा.

८ एप्रिल, सकाळी ११. मैल २६ पाशी तुकडी रणगाड्यांजवळ थांबलीय, काम सुरू व्हायचंय, तोच उखळी तोफांचे गोळे पडायला लागले. सुरुंग काढणाऱ्यांतले दोघे जागीच गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. म्हणजे पुढचं सगळं जखमी माणसानं केलंय, हे धरून वाचायचं. उरलेली माणसं त्यांनी पुन्हा जुळवली आणि कामाला लावली. साडेचारला बरवालीची डोंगरधार डोग्रांनी घेतली. शत्रू पुरता हटलेला नाही हे माहीत असून राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता, म्हणजे अडथळ्याला बगल देणारी वाट, खोदायला लागले. रात्री १० पर्यंत, शत्रूच्या डोळ्यांसमोर.

९ एप्रिल, सकाळी ६. पुन्हा तोच वळणरस्ता, दुपारी ३ ला पुरा. मग राणे सगळ्यांत पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या चिलखती गाडीत, बसले. अर्ध्या मैलावर चीडची झाडं आडवी. उतरले, बारूद लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. ५ वाजता उडवलेली मोरी, आणि हात लावायच्या आत मशीनगन सुरू. तिथंही वळण काढलं. सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून गोळ्या. राणे सुरुंग काढायला बसले होते, पण अंधार पडत होता. रणगाड्यांच्या कमांडरनं ताफा रात्रीसाठी मागे आडोशाला घेतला.

१० एप्रिल, पहाटे पावणेपाच. काल जिथं हात थांबला होता तिथंच पुन्हा. साडेसहाला तो अडथळा मोकळा. पुढचे हजार यार्ड सगळे अडथळ्यांचेच, आणि साडेदहाला तेही मोकळे.

पोरांना सगळ्यांत आवडते ती रणगाड्याखालची गोष्ट. सांगतात, की गोळ्या फारच आल्या तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, आणि दोऱ्या बांधून वरच्या चालकाला खुणा करत, रणगाड्याबरोबर सरपटत पुढचे सुरुंग काढत गेले. मीही ती सांगतो. मी वाचलेल्या सायटेशनात ती नाही, म्हणून ‘असं सांगतात’ म्हणूनच सांगतो. एवढा काटेकोरपणा खडकीनं अंगात भिनवलाय, त्याला इलाज नाही.

माझा जीव मात्र त्या पुढच्या भागावर जास्त आहे, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. साडेदहानंतर रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला चिंगसला पोचले. (चिंगसला जुनी मुघल सराई आहे. १६२७ साली काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहा वारला, तेव्हा देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी इथं काढून पुरली, असं तिथं सांगतात. बादशहालाही त्या रस्त्यानं नीट जाऊ दिलं नाही.) रणगाडे पोचले, म्हणजे पाहुण्यांच्या हिशेबानं काम संपलं. राणे नदीत उतरले नाहीत. ते रस्त्यावरच राहिले. कारण रणगाड्याला नदीचं पात्र चालतं, पण मागून येणाऱ्या लॉऱ्यांना चालत नाही. शिधा, पेट्रोल, दारूगोळा, जखमींना परत न्यायची वाहनं, सगळं रस्त्यानंच येणार. त्या रात्री ९ पर्यंत, विश्रांती नाही, अन्न नाही, ते लॉऱ्यांसाठी सुरुंग काढत राहिले. ११ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा सुरू, ११ वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला. तिथून पुढे रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता.

मी बेरीज केलीय. चार दिवसांत ५५ तासांच्या वर. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत होतं.

आणि हे सगळं कशासाठी केलं म्हणावं, तर परमवीर चक्रासाठी नक्कीच नाही. तेव्हा परमवीर चक्र नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. ते आलं २६ जानेवारी १९५० ला आणि मागं १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू झालं. नक्षी काढली सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं परदेशी, पण लग्न करून आपल्या खानोलकरांच्या घरात आल्या आणि आपली पुराणं अशी वाचली, की वृत्रासुराला मारायला दधीची ऋषींनी दिलेल्या हाडांचं वज्र त्यांनी त्या पदकावर चार बाजूंनी कोरलं. जांभळी फीत, खाली साडेतीन सेंटिमीटरची कांस्याची चकती. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईतले पाच परमवीर झाले : मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग, राणे, कंपनी हवालदार मेजर पिरू सिंग, लान्स नाईक करम सिंग. त्यातले राणे आणि करम सिंग हे दोघेच पदक छातीवर लावायला उरले. आजवरच्या २१ परमवीरांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळालंय. म्हणून शाळेत ‘शहीद राणे’ असं फळ्यावर लिहिलेलं मी दरवर्षी पुसतो. पुसताना गुरुजी ओशाळतात. मी म्हणतो, असू द्या, परमवीर म्हटलं की सगळ्यांना तसंच वाटतं.

सॅपरला सर्वोच्च पदक कसं, असं ज्यांना अजून वाटतं त्यांना मी आमच्याच ग्रुपचा दुसरा दाखला देतो. १९४१, अॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत, बॉम्बे सॅपर्स, व्हिक्टोरिया क्रॉस. ९६ तासांत १५ सुरुंगक्षेत्रं, ५५ मैल रस्ता. दोनदा खालचं कॅरियर उडालं, कानाचा पडदा फाटला, तरी दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं नाही. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. दोघेही सेकंड लेफ्टनंट, दोघेही चार दिवस, दोघेही सुरुंग. खडकीला रंगरूट असताना या दोघांची नावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती, अर्थ पुष्कळ उशिरा कळला.

पदकानंतर राणे आणखी अठरा वर्षं नोकरीत होते. १९५५ साली लग्न, मग मुलं. १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले. खरे मेजर, आमच्यासारखे टपरीवरचे नव्हेत. ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेले, वय ७६. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, जवळच ‘चपळ’ ही जुनी युद्धनौका उभी आहे. एका तेलवाहू जहाजालाही त्यांचं नाव होतं. मी त्यांना पाहिलं नाही. ते गेले तेव्हा मी ईशान्येत होतो, पावसानं वाहून गेलेल्या एका पुलावर. बातमी आठवड्यानं कळली. आमचे सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत, टोपी काढून मिनिटभर थांबले आणि म्हणाले, चला, पलीकडे लॉऱ्या थांबल्यात.

सहा वर्षांपूर्वी मी शाळेत सांगायची पद्धत बदलली. आता फळ्यावर घड्याळ काढतो आणि चार दिवसांच्या वेळा लिहितो. मागच्या रांगेतला तो हात अजूनही वर येतो. मी सांगतो, आकडा लिहिलेला नाही रे, वेळ लिहिलीय, तू बेरीज कर. काही पोरं खरंच करतात. एकानं ५६ काढले, दुसरा म्हणाला साडेपंचावन्न, आणि मग त्यांचंच भांडण.

गेल्या २६ जानेवारीला पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. फळ्यावर १० एप्रिलच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाली, “आजोबा, पहाटे पावणेपाच ते रात्री नऊ. मग ते जेवले कधी?”

मी फळ्याकडे बघितलं. म्हणालो, “लिहिलेलं नाही, बाळा. नऊनंतर कधीतरी.”

“आणि थंड असेल ना जेवण?”

“असेल.”

मागं घंटा झाली, आणि सगळी पोरं जिलेबीच्या रांगेकडे पळाली. ती मात्र वहीत काहीतरी लिहून घेत होती.